हिवरे बाजारचा डोंगर कोण कसा काढील?

चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत तेच चित्र निघतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर येणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. नगर जिल्ह्यातल्या, नारळ फक्त देवळात आणि दुकानात पाहिलेल्या मुलांच्या वह्यांतही तेच. हे चित्र वाईट आहे असं मी मुलांना कधी म्हणत नाही. ती एक शैलीच आहे. कुणीतरी केव्हातरी ठरवलेली, फळ्यावरून वहीत आणि एका वहीतून दुसरीत उतरत आलेली. पण शैली ठरवलेली असते, आणि ती वेगळीही ठरवता येते, हे कळायचं तर एकदा खऱ्या डोंगरासमोर बसावं लागतं. म्हणून आठवी-नववीची मुलं घेऊन मी हिवरे बाजारला गेले.

नगर शहराच्या पश्चिमेला साधारण १७ किलोमीटरवर हे गाव आहे. आदर्श गाव म्हणून ते इतकं गाजलंय की येणारे बहुतेक लोक बंधारे, विहिरी आणि ग्रामसभेचा कारभार बघायला येतात. मला मात्र डोंगर काढायचा तर याच गावाचा काढावा असं बरेच दिवस वाटत होतं, कारण इथल्या डोंगराचं रूप माणसांनी बदललेलं आहे. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं, झाडं तुटली, डोंगर उघडे पडले, माणसं मजुरीला बाहेर गेली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काही वर्षांत गावानं श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशी स्वतःची बंधनं घालून घेतली. उतारावर सलग समतल चर खणले, ओढ्यांवर बंधारे घातले. ऊस आणि केळी ही पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हे ठरलं. पाऊस किती पडला, किती मुरला, त्यातलं किती वापरायचं याचा जमाखर्च गाव दरवर्षी मांडतं आणि फलकावर लिहून सगळ्यांपुढं ठेवतं. मुलांना मी आधी तो फलक वाचायला लावला. समोरचा डोंगर हिरवा का दिसतो याचं उत्तर त्या आकड्यांत आहे, आणि जे काढायचं ते असं का आहे हे ठाऊक असलं की हात वेगळा चालतो.

पाऊस सरत आला होता. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, वरच्या टोकांना पिवळसर रंग चढायला लागलेला. मुलं ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसली आणि पाच-दहा मिनिटांत एकीनं विचारलं, “बाई, ह्याला टोकच नाही. कसा काढायचा?”

प्रश्न बरोबर होता. दख्खनच्या पठारावरचे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळं माथा बहुतेक ठिकाणी सपाट, आणि अंग पायऱ्यापायऱ्यांचं. त्रिकोणात तो बसत नाही. शिवाय इथल्या उतारावर आणखी एक गोष्ट दिसते. सगळीकडं एकाच पातळीत राहणाऱ्या चरांच्या रेघा, डोंगराच्या अंगाबरोबर वळत जाणाऱ्या. भूगोलाच्या नकाशात ज्यांना समोच्च रेषा म्हणतात त्याच या, फक्त कुदळ-फावड्यानं प्रत्यक्ष डोंगरावर काढलेल्या. डोंगराची गोलाई दाखवायला चित्रकार जशा वळत्या रेघा मारतो, तशा इथं पाणी अडवायला मारल्या गेल्या. मुलांना म्हटलं, टोक शोधू नका, या रेघा धरा. आणि मग दिवसभर आम्ही एकच खेळ खेळलो. हा डोंगर वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या गावच्या चित्रकारांनी काढला असता तर कसा काढला असता?

सुरुवात अजिंठ्यापासून केली, कारण दगड तोच. अजिंठ्याची लेणी याच काळ्या पाषाणात खोदलेली आहेत. पहिली खोदाई इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाली, आणि ज्या चित्रांनी अजिंठा जगात पोचला ती १, २, १६, १७ या क्रमांकांच्या लेण्यांतली चित्रं वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. तिथला चित्रकार इथं आला असता तर त्यानं आधी डोंगराकडं पाहिलंच नसतं, भिंतीकडं पाहिलं असतं. खडबडीत दगडावर माती, दगडाचा चुरा, भाताचं तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर गेरूनं आराखडा, मग रंग, आणि शेवटी गडद रेघेनं आकार पक्का करणं. ओल्या चुन्यावर रंग मुरवायची युरोपातली फ्रेस्कोची रीत वेगळी. अजिंठ्यात सुकलेल्या पृष्ठभागावर डिंक-सरसासारख्या चिकटद्रव्यात कालवलेला रंग लावला आहे. तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढरी माती, हे बहुतेक रंग जवळपासचे. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून आलेल्या लाजवर्दाचा. तो ज्या भिंतीवर दिसतो तिथं व्यापाराचा एक लांबलचक रस्ता येऊन पोचलेला असतो.

आणि डोंगर? अजिंठ्यातला डोंगर चौकोनी ठोकळे रचल्यासारखा असतो. काळ्या पाषाणाला उभ्याआडव्या भेगा जाऊन त्याचे चिरे पडतात, ते तिथल्या चित्रकारांनी रोज डोळ्यांसमोर पाहिलं होतं. पण डोंगर हा तिथं चित्राचा विषय कधीच नाही. तो जातककथेतली जागा असतो. त्या ठोकळ्यांच्या आडोशाला हत्ती उभा असतो, किन्नर बसलेला असतो, राजा वनात निघालेला असतो. एकच माणूस एकाच भिंतीवर तीनदा-चारदा येतो, कारण गोष्ट पुढं सरकत असते. आमच्यातल्या एका मुलानं मग हिवरे बाजारचा डोंगर ठोकळ्यांचा काढला, आणि त्यात एकच बाई तीनदा काढली. चर खणताना, रोप लावताना, गवत कापताना. अजिंठ्याची ओळख याहून चांगली करून देता येईल असं मला वाटत नाही.

शैलींची विभागणी करण्याची हौस आपल्याकडं जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चित्रांचे चार प्रकार दिलेत. सत्य, वैणिक, नागर आणि मिश्र. नेमका कुठला शब्द कशाला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ‘सत्य’ म्हणजे दिसतं त्याच्याशी मिळतंजुळतं, हा वेगळा प्रकार मानला गेला होता एवढं नक्की. म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं काढणं हा अनेकांतला एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही, हे त्या ग्रंथाच्या काळीच मान्य होतं. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं येतात. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यातलं सादृश्य, म्हणजे खऱ्यासारखं दिसणं, हे सहातलं फक्त एक. मुलांच्या चित्रांना ‘खऱ्यासारखं दिसत नाही’ म्हणून नापास करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं ही यादी एकदा वाचावी.

दुपारी जेवणानंतर रंग तयार केले. रस्त्याकडेचा तांबूस मुरूम दगडावर घासून, पाण्यात ढवळून, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून त्याच्या तळाशी बसलेली मऊ माती घेतली. बाभळीचा डिंक मी नगरच्या बाजारातून आणून रात्रीच भिजत घातला होता. त्यात ही माती खलली की रंग तयार. कागदावर लावला, वाळला, बोट फिरवलं तरी निघेना, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पुस्तकातून येत नाही. दुकानातल्या जलरंगाच्या वडीतही हेच असतं, रंगद्रव्य आणि बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडाचा डिंक.

गेरू हाती आला की वारली चित्रांची आठवण होणारच. डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारल्यांच्या घराच्या कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, त्यावर गेरूचा हात, आणि वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. मुळात हे लग्नाचं चित्र. सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि तो लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराच्या नजरेनं ही चित्रं बाहेरच्या लोकांपुढं आली. त्याच सुमारास जिव्या सोमा म्हसे हे पुरुष असून चित्रं काढू लागले, लग्न नसतानाही काढू लागले, आणि भिंतीवरून कागदावर-कापडावर आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात हजारो बारीक रेघांनी कापड भरून जातं, आणि तरी ते हलकं वाटतं.

वारली चित्रात डोंगर त्रिकोणी असतो, आणि तो तिथं शोभतो. डहाणूजवळ महालक्ष्मीचा जो सुळका आहे तो पाहिलेल्या माणसाला त्या त्रिकोणाचं नवल वाटत नाही. तिथली माणसंही दोन त्रिकोणांची, टोकाला टोक लावून उभी. हल्ली मात्र राज्यातल्या कुठल्याही शाळेच्या, पंचायतीच्या, पुलाच्या भिंतीवर तारपा या वाद्याभोवतीचा तो वारली नाच काढलेला दिसतो, ऑइलपेंटमध्ये, तयार साच्यासारखा. मला याचं वाईट वाटतं. वारली चित्र बघायला मिळतंय याचा आनंद आहे, पण प्रत्येक भिंतीवर तेच आलं की नगर भागाचं स्वतःचं काही होतं हे विसरायला होतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ आणि अंगावर रंगाचे ठसे, नागपंचमीला पाटावर गंधानं काढलेले नाग, श्रावणात भिंतीला लावलेला जिवतीचा कागद, लग्नघराच्या दाराशी चुन्याच्या भिंतीवर काढलेले भालदार-चोपदार आणि वर गणपती. ही सगळी देशावरची चित्रकलाच आहे. तिला अजून नाव नाही एवढंच.

गोदावरीच्या पलीकडं, शेवगावला लागूनच, पैठण आहे. पैठणचं नाव लागलेली एक चित्रशैली आपल्याकडं आहे, पण शाळेतल्या फार थोड्या मुलांना ती ठाऊक असते. चित्रकथी नावाचे लोक गावोगाव फिरत, रात्री दिव्याच्या उजेडात मोठ्या कागदावरची चित्रं एकेक करून दाखवत आणि रामायण-महाभारतातली आख्यानं गात. दिव्याचा उजेड मिणमिणता, बघणारी माणसं लांब बसलेली. म्हणून या चित्रांत सगळं ठळक आहे. चेहरा बाजूनं काढलेला, डोळा मात्र समोरून दिसतो तसा आणि कपाळाएवढा मोठा. रंग सपाट, छटा नाहीत. दागिने, शस्त्रं, झाडाची पानं नक्षीसारखी. कातडी बाहुल्यांच्या खेळाशी यांचं नातं उघड दिसतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रं आहेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजात हीच परंपरा वेगळ्या, अधिक नाजूक वळणानं टिकली. तिथं दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून पोथी करतात, आणि ती जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथ्याला हिवरे बाजारचा डोंगर काढायला सांगितला असता तर त्यानं विचारलं असतं, या डोंगरावर लढाई कुणाची झाली? उत्तर दुष्काळाशी, असं दिलं असतं तर त्यानं दुष्काळाला मिशा, मोठे डोळे आणि हातात गदा दिली असती. मुलांना हे फार आवडलं. दुष्काळासुराची निदान सहा चित्रं त्या दुपारी निघाली.

ऊन कलायला लागलं तसा मी जलरंगाचा तास घेतला. डोळ्यांसमोरचा उजेड धरायचं वेड आपल्याकडं तसं उशिरा आलं. १७९२ च्या सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं तैलरंगात चित्र केलं. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रकलेचे धडे सुरू झाले, आणि त्यातून गंगाराम तांबट नावाचा मराठी माणूस वेरूळची लेणी जशीच्या तशी रेखाटण्याइतका तयार झाला. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं. तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून ग्रिफिथ्स या शिक्षकाबरोबर अजिंठ्याला मुक्काम ठोकून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या कितीतरी पुढं लंडनच्या आगीत जळाल्या. त्यांच्याआधी रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांचीही १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत तीच गत झाली होती. या दोन आगींबद्दल वाचताना मला आजही कसंतरी होतं.

जे. जे. मधून बाहेर पडलेल्यांत कोल्हापूरचे आबालाल रहिमान होते, शाहू महाराजांच्या पदरी. कोटितीर्थाच्या काठी बसून त्यांनी पाणी, झाडं, उतरतं ऊन काढलं. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर होते. हातात समई आणि बोटांतून झिरपणारा उजेड, हे त्यांचं म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधलं चित्र छापील रूपात कित्येक घरांत लागलेलं असतं. ते तैलचित्र असावं असं लोकांना वाटतं, पण ते जलरंगातलं आहे, आणि ज्यानं जलरंग हाताळलाय त्यालाच त्यातली अवघड गोष्ट कळते. या रंगात पांढरा लावायचा नसतो, पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. फिकटाकडून गडदाकडं जायचं, मागं फिरायची सोय नाही. डोंगराच्या माथ्यावर ऊन असेल तर ती जागा आधीच राखून ठेवावी लागते. पहिल्या हातात सगळ्या मुलांनी ती रंगवून टाकली. दुसऱ्या कागदावर निम्म्यांनी राखली.

फ्रान्समध्ये मोने या चित्रकारानं १८९०-९१ मध्ये आपल्या घराजवळच्या शेतातल्या गवताच्या गंजी रंगवल्या, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत, सुमारे पंचवीस कॅनव्हास. गंजी त्याच, उजेड वेगळा. ही गोष्ट हिवरे बाजारात सांगायला सोपी आहे. इथं डोंगरावर गुरं सोडत नाहीत, गवत विळ्यानं कापून न्यायचं असा नियम आहे, आणि त्या गवताच्या जिवावर गावात दूध वाढलं. गंजी हा इथल्या मुलांना परका विषय नाही. एक मुलगा म्हणाला, सकाळची गंजी निळी दिसते आणि संध्याकाळची तांबडी, हे त्यानं पाहिलंय, पण चित्रात गवत पिवळंच काढायचं असतं असं त्याला वाटायचं. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी नेमकं एवढंच केलं. वस्तूचा ठरलेला रंग सोडला आणि दिसणारा धरला. पॅरिसला यावरून वादळ उठलं होतं.

पुढची पायरी मुलांना सांगताना जपावं लागतं. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि जे. जे. ची शिस्त आणि बंगालचं पुनरुज्जीवन या दोन्हींना रामराम केला. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे थोड्या काळानं त्यांच्यात मिसळले आणि मग सगळ्यांपासून दूर गेले. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर द्यायचे, काढायचे, पुन्हा द्यायचे. चित्राला नाव द्यायचं नाही. त्यात डोंगर शोधू नये, पण डोंगराकडं बराच वेळ बघितल्यावर जी स्थिरता येते ती त्यात मिळते. एका शांत मुलीच्या कागदावर मुरमाच्या रंगाचे तीन पातळ हात आणि त्यातून जाणारी एक आडवी फिकट पट्टी एवढंच होतं. बाकीची हसली. मी तिला ते चित्र जपून ठेवायला सांगितलं आणि गायतोंड्यांचं नाव पाठीमागं लिहून दिलं.

परतीच्या वाटेवर नगरमध्ये फराहबक्ष महालाकडं गाडी वळवली. ज्या दख्खनी शैलीसाठी मी हा सगळा खटाटोप केला ती इथं नगरात जन्मली, आणि नगरच्याच मुलांना ती माहीत नाही, ही माझी खरी तळमळ आहे. शहराच्या आग्नेयेला तलावाच्या मध्यभागी बांधलेला हा निजामशाही महाल १५८३ साली पुरा झाला. तेव्हाच्या नगरात आसपासच्या गावांहून खापरी नळांनी जमिनीखालून पाणी येत असे. पाण्याचा हिशेब या भागात तेव्हाही लोकांना येत होता, हे मुलांच्या लगेच लक्षात आलं.

दख्खनी चित्रशैली म्हटलं की लोक विजापूर आणि गोवळकोंडा म्हणतात. पण दख्खनी चित्रांचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं मोठं उदाहरण नगरचं आहे, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे हस्तलिखित. आफताबी नावाच्या कवीनं फारसी पद्यात लिहिलेली ही हुसेन निजामशहाची प्रशस्ती. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला, त्यात हुसेन आघाडीवर होता. त्याच वर्षी तो वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून राणी खुंजा हुमायून कारभार पाहू लागली, आणि १५६५ ते १५६९ या तिच्या कारभाराच्या काळात हे हस्तलिखित तयार झालं असं मानतात. आज त्यातली बारा चित्रं उरली आहेत आणि ती पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत.

या चित्रांत काय पाहायचं? आधी आकाश. ते निळं नाही, सोनेरी आहे. मग क्षितिज, ते फार वर, जवळजवळ कागदाच्या कडेला टेकलेलं. इराणी चित्रांत असतं तसं. त्यामुळं जमीन उभ्या पडद्यासारखी मागं चढत जाते आणि माणसं एकमेकांच्या मागं न राहता एकमेकांच्या वर मांडता येतात. डोंगर त्या चढत्या जमिनीत विरून जातो, झुडपांच्या ठिपक्यांनी भरलेला. पण बायका इराणी नाहीत. उंच, सडपातळ, चोळी आणि साडी नेसलेल्या, लांब वेणीला गोंडे लावलेल्या, चेहरा बाजूनं काढलेला. ती वळणं माळव्याकडच्या चित्रांतून आलेली दिसतात. एका चित्रात राणीचा हात लागताच झाड फुलतं. ही कल्पना संस्कृत काव्यातल्या दोहदाची. म्हणजे काव्य फारसी, आकाश इराणी, कपडे इथले, कल्पना संस्कृत, आणि हे सगळं आपल्या नगरच्या दरबारात एका कागदावर आलेलं. यातलं कुठलंही एक काढून घेतलं तर चित्र उरत नाही.

त्यांतल्या अनेक चित्रांत राजाशेजारी राणी होती. आज ती नीट दिसत नाही. १५६९ साली मुर्तजानं आईला कैद करून सत्ता हाती घेतली, आणि पुढं कुणीतरी राणीच्या आकृत्या खरवडल्या किंवा रंगानं झाकल्या. झाड फुलवणारी राणी मात्र वाचली. नगरचा इतिहास शिकवताना चांदबिबीचं नाव आवर्जून येतं, ते यावंच. खुंजा हुमायून हीदेखील चांदबिबीचीच आई, आणि दख्खनी चित्रकलेतला सर्वांत जुना ग्रंथ तिच्या हातून घडला, हे मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

मुर्तजाचंही एक सुंदर चित्र आहे, सिंहासनावर बसलेला, मागं सोनेरी पार्श्वभूमी. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १६०० साली अकबराच्या फौजेनं नगरचा किल्ला घेतला आणि दरबारातले चित्रकार पांगले. मलिक अंबरनं पुढं पंचवीस वर्षं मोगलांना दाद दिली नाही. जहांगीरच्या हाती तो कधी लागला नाही, तेव्हा त्यानं आपला चित्रकार अबुल हसन याच्याकडून १६१६ च्या सुमारास एक चित्र काढून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि आपल्या मरणानं गेला. मोगल शैलीइतकी बारीक, प्रत्येक केस न् केस दाखवणारी कारागिरी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल, आणि तिच्यात न घडलेली गोष्टही इतकी खरी काढता येते. ‘खऱ्यासारखं’ या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे मुलांना पटवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत ‘तारीफ’मधल्या एखाद्या चित्राची चांगली, मोठी, रंग न बिघडवलेली प्रत लागायला हवी असं मला मनापासून वाटतं. वर्गात वारली आहे, मधुबनी आहे, व्हॅन गॉगची सूर्यफुलंही आहेत, तिथं जिल्ह्याच्या स्वतःच्या चित्रांना एक खिळा मिळायला काय हरकत आहे? तोवर मुलांना पुण्याला न्यायचं ठरवलंय. जाणाऱ्यांनी मंडळाशी आधी बोलून घ्यावं, कारण जुन्या कागदाला आणि रंगांना उजेड सोसत नाही आणि अशी पानं रोज उघडी ठेवता येत नाहीत. मुलांनी प्रश्नांची यादी आत्ताच केली आहे. पहिला प्रश्न, सोनं कागदाला चिकटवलं कशानं? दुसरा, राणीला झाकणारा रंग खालच्या रंगापेक्षा वेगळा ओळखू येतो का? तिसरा त्या टोक शोधणाऱ्या मुलीचा आहे. त्या चित्रांत डोंगराचा माथा सपाट काढलाय का, नगरकडं असतो तसा?